मधला अर्धा तास

सराफ्यात दुकानांची शटरं पडलेली
आणि भुट्ट्याच्या किसाच्या कढया अजून चढायच्या,
तेवढा मधला अर्धा तास आमचा होता.
अण्णा उकिडवे बसून पायऱ्या झाडायचे,
बोटभर कुंचा, फरशीच्या सांधीत शिरेल असा.
मी पोतं धरायचे.
धूळ, केस, विडीची थोटकं, लाखेचे खपले,
आणि कुणाच्या तरी बांगडीचा कानशीखाली गेलेला कण
जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.
बाजार आम्हांला न्यारिया म्हणे.
घरात आम्ही झारेकरी.

छत्रीबागेतल्या खोलीत, मोरीपाशी,
लाकडी परातीत पाणी गोल फिरायचं.
हलकं वाहून जाई, जड मागे राही.
मग तेजाब, मग मूस,
मग रात्रभर अण्णांचा खोकला.
माझ्या नाकातली चमकी सात वर्षांच्या धुळीची आहे.
अजून भिंगाला लागून टिकटिकते.

हो, भिंग. मी आता एम.वाय.च्या चौथ्या मजल्यावर,
काचपट्टीवर अस्थिमज्जेचा थेंब ओढते, वाळवते, रंगवते,
आणि तो कधीतरी दिसतोच:
मॅक्रोफेज. ढगळ, कडा विस्कटलेल्या,
पोटात दुसऱ्यांचे तुकडे.
डॉक्टर पुढे सरकतात, त्यांना आजार हवा असतो.
मी जरा रेंगाळते,
गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तशी.

तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते.
प्लीहेच्या फटींतून पुन्हा पुन्हा अंग चोरून निघते.
एक दिवस अंग ताठरतं, निघवत नाही.
पाठीवर जन्मभर वागवलेलं ‘अजून नको’
तोवर पुसट झालेलं असतं.
आणि आतल्या अस्तराचा एक रेणू,
जो कधी कुणाला दाखवायचा नसतो,
उलटून बाहेर येतो.
तेवढ्यावरून ओळखतात.
बोभाटा नाही, सूज नाही, ताप नाही.
कुशीत घ्यावं तसं घेरतात
आणि मिटतात.
मग आतल्या आत तेजाब. लोखंड वेगळं.
लोखंड पुन्हा मज्जेत, नव्या पेशीच्या तोंडी.
कोणाच्या श्वासात होतं
ते लोखंडाला आठवत नाही.

एका रविवारी अण्णांना आणलं.
एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले.
‘ह्याला कोण सांगतं, कुठलं उचलायचं?’
म्हटलं, मरणारीच सांगते.
हसले. ‘नशीबवान आहे लेकाचा.
धूळ कधी सांगत नाही.
तळहातावर घेऊन बसावं लागतं.’
मग, जिना उतरताना: ‘आणि नाहीच उचललं तर?’

तर फुटते, म्हटलं. आतलं सगळं सांडतं,
आणि अंग त्या सांडलेल्यालाच शत्रू समजायला लागतं.
नऊ नंबरच्या खाटेवर सुलभा कर्पे आहे, वय एकोणतीस,
गालांवर लाल फुलपाखरू, बोटं वळत नाहीत,
वेळेवर न उचललेल्यांशी चाललंय तिचं भांडण.
अण्णा कठड्याला धरून दोन पायऱ्या थांबले.
म्हणाले, चहा कुठे चांगला मिळतो इथे?

आता सराफ्यात दुकानदार धूळ स्वतःच ओढतात, मशीननं.
उरलेलं गाणं वाजवत येणारी पालिकेची गाडी नेते.
रस्ता जेवायच्या ताटासारखा.
कुंचा खुंटीला.
मी म्हणते, विजयनगरला या राहायला, लिफ्ट आहे.
म्हणतात, अजून नको.

परवा गेले तर सदरा उलटा घातलेला.
शिवणी बाहेर, बगलेतला दोरा लोंबतोय,
आणि त्यांच्या गावीही नाही.
काही बोलले नाही. गुंड्या काढल्या, हात वर करायला सांगितले,
लहान पोरासारखे केलेही त्यांनी.
सुलटा करताना खिसा हाताला लागला.
कोपऱ्यात चिमूटभर धूळ होती.
झटकली नाही.